मुलाची खोली आणि आपले मन



संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगी असते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी हे त्या दिवसाचे जेवण. तामिळनाडूतही पोंगलच्या आदल्या दिवसाला भोगीच म्हणतात. तिथे पहाटे दारासमोर जुन्या चटया, मोडकी सुपे, झिजलेल्या केरसुण्या यांची लहानशी होळी पेटते. त्याआधी घर झाडून, धुऊन, चुना किंवा रंग देऊन झालेले असते. जुने जावे, नवे यावे, असा त्या दिवसाचा भाव.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत सत्संगाच्या निमित्ताने तंजावरला जाणे झाले. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांची गादी स्थापन केली. तेव्हापासून मराठी बोलणारी घरे त्या गावात आहेत. अशाच एका घरी माझा मुक्काम होता. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत त्यांची स्वतःची गोड मराठी. पुढे ओटा, मध्ये चौक, चौकाला लागून मोठे माजघर. त्याला ते कूडम म्हणतात. त्याच्या एका बाजूला एक अरुंद खोली होती. ती आजींची. आजी गेल्यावर ती घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळाली होती, आणि भोगीच्या निमित्ताने तो ती नव्याने लावत होता.

घरात मात्र अबोला होता. कारणे तीन. पणजोबांच्या काळापासून त्या भिंतीवर असलेले बाळकृष्णाचे तंजावरी चित्र, सोन्याच्या वर्खाचे, मुलाने उतरवले होते. एका भिंतीला त्याला गडद निळा रंग हवा होता. आणि दाराला आतून कडी हवी होती.

वडील म्हणाले, “आम्ही सहा भावंडं कूडममध्ये चटया टाकून झोपायचो. कुणाला होती खोली? आणि हा आज देवाला भिंतीवरून काढतो, उद्या आम्हाला काढेल.” कॉफी पुढे ठेवत आई हळूच म्हणाली, “तुम्हीच सांगा ना त्याला चार गोष्टी.”

आधी ऐकावे

चार गोष्टी सांगायच्या तयारीनेच मी त्या खोलीत गेलो, हे कबूल करतो. मुलगा भिंत घासत होता. मी चित्राचा विषय काढला. त्याने मला भिंतीवर हात ठेवायला सांगितला. भिंत ओली होती. म्हणाला, “पावसाळ्यात इथं पाणी झिरपतं. वर्ख सुटायला लागलाय. म्हणून मी ते देवघराशेजारी कोरड्या भिंतीला टेकवून ठेवलंय. अप्पांनी बघितलंसुद्धा नाही.”

“आणि कडी?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग कोपऱ्यातल्या मृदंगाकडे बघून म्हणाला, “चुकताना कुणी बघू नये असं वाटतं.”

साधकहो, माझ्या चारही गोष्टी तिथेच गळून पडल्या. ज्याला आपण देवाला बाहेर काढणे म्हणत होतो, ती देवाची काळजी होती. ज्याला आपण दार लावून घेणे म्हणत होतो, ती एका शिकणाऱ्याची लाज होती. कुणी विचारलेच नव्हते.

मला माझे घर आठवले. मुलगी चौदा वर्षांची असताना ती शाळेत गेलेली पाहून मी तिची खोली ‘छान’ लावून ठेवली होती. कपाट आवरले, भिंतीवरची चित्रे काढून सुविचार लावले. तिला आनंद होईल असे खरेच वाटले होते. ती काही बोलली नाही. पण पुढचे कित्येक महिने ती अभ्यासाला मैत्रिणीकडे जात राहिली. मी स्वच्छ केलेली खोली तिची उरली नव्हती.

एका राजपुत्राची खोली

दुसऱ्या दिवशी मी राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला गेलो. या ग्रंथालयाची सुरुवात नायक राजांच्या काळातली. पण त्याला वैभव आले ते दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. तिथे उभा असताना लक्षात आले, की मुलाच्या खोलीची सगळ्यात मोठी गोष्ट याच गावात घडून गेली आहे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. दहा वर्षांचे मूल. गादीवर सावत्र चुलते अमरसिंह बसले. त्या मुलाला कोंडल्यासारखे ठेवण्यात आले. उजेड-वारा धड नाही, शिक्षण नाही, मोकळे फिरणे नाही. छप्पर होते, भिंती होत्या, राजवाडाही होता. पण ती खोली मुलासाठी नव्हती, मूल दिसेनासे व्हावे म्हणून होती.

तुळजाजींनी मृत्यूपूर्वी मुलाची काळजी घेण्याची विनंती ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाला केली होती. या माणसाने ती विनंती सोडली नाही. इंग्रजांकडे पाठपुरावा करून १७९३ मध्ये मुलाला आणि राजघराण्यातील विधवा राण्यांना मद्रासला हलवले. तिथे त्याच्या शिक्षणाची सोय झाली. सोळा वर्षांच्या त्या मुलाला प्रथमच मोकळी हवा, पुस्तके आणि शिकवणारी माणसे मिळाली.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती उरले ते किल्ल्यापुरते राज्य. दुसरा कुणी खचला असता. या राजाने ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना काढला, शाळा चालवल्या, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले. डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह नोंद केलेली त्यांच्या काळातली कागदपत्रे आजही जपलेली आहेत. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख १८०३ मध्ये त्यांनीच कोरवून घेतला.

ज्याला लहानपणी उजेड नाकारला गेला, त्याने मोठेपणी डोळ्यांचे आजार बरे करवले आणि ग्रंथांचा महाल वाढवला. हा निव्वळ योगायोग असेल. पण मला त्यात एक शिकवण दिसते.

आणखी एक गोष्ट. श्वार्ट्झ स्वतः ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायला आलेले होते. सरफोजी मात्र अखेरपर्यंत आपल्या कुलधर्मातच राहिले. तरीही दोघांमधला जिव्हाळा तुटला नाही. श्वार्ट्झ वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ सरफोजींनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. आजारी गुरूच्या बिछान्याशेजारी स्वतः राजा उभा आहे, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. ज्याने आपल्याला उजेडात आणले, त्याच्या साच्यात तो ओतला गेला नाही, आणि त्याला विसरलाही नाही. मुलाला मोकळीक दिली तर ते आपले राहणार नाही, ही भीती ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या शिल्पासमोर क्षणभर उभे राहावे.

प्रेम आणि ममत्व

आता आपण आत वळू या. मुलाची खोली बदलताना आपल्याला नेमके काय टोचते? रंग नाही. रंग चार वर्षांनी पुन्हा बदलतो. टोचते ते हे, की या घराच्या एका कोपऱ्यात आता माझी आवड चालणार नाही. ‘माझे घर, माझा मुलगा, माझी भिंत’ यातला ‘माझे’ दुखावतो. शास्त्रांनी यालाच ममत्व म्हटले आहे. ते प्रेमाचेच कपडे घालून येते, म्हणून ओळखू येत नाही.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. प्रेम विचारते, “तुला काय हवे?” आणि उत्तराची वाट पाहते. ममत्वाला उत्तर आधीच ठाऊक असते.

मूल सोळा वर्षांचे झाले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे आपले जुने सुभाषित सांगते. हा उपदेश आपण मुलांसाठी समजतो. खरे तर तो पालकांच्या साधनेचा धडा आहे. आयुष्यभर आपण त्याग, वैराग्य यांवर बोलतो. भगवंत त्याची परीक्षा हिमालयात घेत नाही. तो दहा फूट बाय आठ फुटांच्या खोलीत घेतो, आणि परीक्षक म्हणून आपल्याच पोटचे पोर बसवतो.

वडिलांचा प्रश्न तरीही उरतोच. आम्हाला कुठे होती खोली? प्रश्न खरा आहे. पण त्यांच्याकडे चौक होता, गच्ची होती, देवळाचे विस्तीर्ण आवार होते, सुट्टीची लांब दुपार होती. एकटे बसायला जागा घराबाहेर होती. आजच्या मुलाचा दिवस शाळा, शिकवणी आणि गाडीतच संपतो. त्याचा चौक, त्याची गच्ची, त्याचे आवार, सगळे त्या एका खोलीत मावायचे आहे. एकांताशिवाय ध्यान नाही, हे आपणच सांगतो. मग मुलाच्या एकांताची आपल्याला इतकी धास्ती का?

एकांत आणि एकाकीपण

याचा अर्थ दार लावले की आपले काम संपले, असा नव्हे. एकांत वेगळा आणि एकाकीपण वेगळे. एकांतातून मूल ताजे होऊन बाहेर येते, जेवायला बसते, भांडते, हसते. एकाकी मूल बाहेर येतच नाही. जेवण टाळते, रात्र जागते, आवडीच्या गोष्टी सोडते. असे दिसले तर दार वाजवावे, शेजारी बसावे, गरज पडल्यास डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही. आणि बाहेरचे दार लावूनही हातातल्या फोनमधून सारे जग आत येत असेल, तर तो एकांत नव्हेच. तिथे मर्यादा घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

तंजावरच्या मातीच्या बाहुल्या आपण पाहिल्या असतील. बूड गोल आणि जड. कितीही ढकलली तरी बाहुली डोलते आणि पुन्हा उभी राहते. तिला वरून धरून ठेवावे लागत नाही, वजन तळाशी असते. संस्कारांचे तसेच आहे. ते मुलाच्या भिंतीवर टांगायचे नसतात, तळाशी भरायचे असतात. तळ भरलेला असेल, तर भिंत निळी असो की पांढरी, मूल सावरते. तळ रिकामा असेल, तर चारही भिंतींवर सुविचार लावूनही उपयोग नाही.

आपण काय करावे?

या संक्रांतीला, किंवा जेव्हा घरात रंगकाम निघेल तेव्हा, पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, मुलाच्या खोलीतली एकही वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवू नये. वही, डबा, चिठ्ठी तर नाहीच नाही.

दुसरी, तीन गोष्टींचा आग्रह जरूर धरावा. उजेड, हवा आणि स्वच्छता. बाकी रंग, चित्रे, पलंगाची दिशा मुलावर सोपवावी. खर्चाची मर्यादा आधी स्पष्ट सांगावी, आणि त्या मर्यादेत निर्णय त्याला घेऊ द्यावा.

तिसरी, देवाची जागा कुठे असावी हे त्यालाच विचारावे. त्याने लहानसा कोनाडा निवडला तर आनंद मानावा. नाही निवडला तर घरातले देवघर आहेच. जबरदस्तीने टांगलेल्या देवाकडे कुणी प्रेमाने पाहत नाही.

चौथी, आत जाताना दार वाजवावे. राजाच्या महालात जाताना आपण परवानगी मागतो. मुलातही तोच भगवंत बसला आहे, असे आपण मानतो ना?

पाचवी, निदान एक दिवस त्याच्याबरोबर ब्रश हातात घ्यावा. सूचना न देता.

तंजावरच्या त्या घरी मी संध्याकाळी सरफोजीराजांची गोष्ट सांगितली. मुलाला काही सांगितले नाही, वडिलांना काही सांगितले नाही, फक्त गोष्ट सांगितली. वडील बराच वेळ चौकाकडे पाहत राहिले. मग उठून देवघराशेजारी टेकवलेले चित्र त्यांनी हातात घेतले, सुटलेल्या वर्खावर बोट फिरवले आणि मुलाला विचारले, “ओल कधीपासून आहे?” तीन दिवसांत त्यांनी त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

ओलीचा बंदोबस्त करायचे ठरले. कडी बसवायचे ठरले. रात्री दहानंतर फोन कूडममध्ये ठेवायचा, हेही ठरले. मुलगा थोडा कुरकुरला, पण मान्य केले. निळा रंग ठरवल्यापेक्षा बराच गडद निघाला, आणि तो दोघांनी मिळून दिला.

मी निघालो तेव्हा दार बंद होते आणि आतून मृदंग वाजत होता. मध्येच ताल चुकला. वडील बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिले नाही.

साधकहो, आपल्या घरातल्या त्या बंद दाराकडे आपण कसे पाहतो, याचे आज थोडे चिंतन करू या. भोगीच्या आगीत जुनी चटई सहज टाकता येते. ‘माझे’ टाकायला अधिक धैर्य लागते. ते धैर्य आपल्या सर्वांना लाभो, आणि आपल्या मुलांच्या खोल्यांत भरपूर उजेड येवो, हीच प्रार्थना.