परत आलेले दगड



२०१८च्या मे महिन्यात मी अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातल्या एका पॅरिशमध्ये महिनाभर बदली धर्मगुरू म्हणून होतो. तिथल्या एका वयस्कर दांपत्याने, परत जाण्याआधी फादरना वाळवंट दाखवायचेच असे ठरवले होते. मला वाटले, वाळवंटात बघायचे ते काय? वसईच्या माणसाला चार दिवस हिरवे दिसले नाही की चुकल्यासारखे होते. पण यजमानांचे मन मोडू नये म्हणून गाडीत बसलो. फ्लॅगस्टाफ शहरापासून पूर्वेला साधारण दोन तास मोटारीने गेले की पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क लागते. नावाचा अर्थ दगड झालेले जंगल.

जंगल म्हणावे तर उभे झाड एकही नाही. लाल, करड्या, जांभळट रंगाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी आडवे पडलेले ओंडके. लांबून पाहिले तर कोणीतरी वखारीत करवतीने कापून ठेवल्यासारखे वाटतात. साल दिसते, गाठी दिसतात. हात लावला की कळते, हा दगड आहे. सुमारे साडेबावीस कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताजवळ होता, इथे नद्या वाहत होत्या, उंच सूचिपर्णी झाडे होती, मगरीसारखे दिसणारे मोठे प्राणी होते आणि अगदी सुरुवातीचे लहान डायनोसॉर होते. पुरात पडलेली झाडे गाळाखाली लवकर गाडली गेली. हवा न मिळाल्यामुळे ती कुजली नाहीत. त्या गाळात ज्वालामुखीची राख होती. राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि कणाकणाने लाकडाच्या जागी गारगोटीचा दगड तयार झाला. लोहामुळे त्याला लाल-पिवळा रंग आला, मँगनीजमुळे काळा-जांभळा. पुढे जमीन वर उचलली गेली तेव्हा हे ठिसूळ ओंडके आडवे तडकले, म्हणून ते करवतीने कापल्यासारखे दिसतात. एक घनफूट दगडी लाकडाचे वजन सत्तर किलोच्या वर भरते.

माणसेही तिथे राहून गेली. प्वेर्को नावाच्या नदीकाठी एका गावाचे अवशेष आहेत. मधे चौक आणि भोवती शंभरेक खोल्या. खोलीत शिरायचे ते छतातून, शिडीने. अंदाजे दोनशे माणसे तिथे राहत असत. १३८०च्या सुमारास गाव ओस पडले. हवामान बदलले, पाऊस भरवशाचा राहिला नाही, असे अभ्यासक सांगतात. आजचे होपी आणि झुनी लोक त्या रहिवाशांना आपले पूर्वज मानतात. गावाजवळच्या एका खडकावर चक्राकार रेघ कोरली आहे. जूनमध्ये सूर्य सर्वांत उत्तरेला असतो, त्या दिवसांत सकाळी उन्हाची तिरीप बरोबर त्या चक्रावर येते. पंचांग म्हणा हवे तर. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच लोकांनी दगडी लाकडाचे तुकडे रचून आठ खोल्यांचे घर बांधले होते. १९३०च्या दशकात त्याची थोडी पुनर्बांधणी झाली. झाड मरून दगड झाले, दगडाचे घर झाले, घरात मुले वाढली. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

पण मला आज सांगायचे आहे ते वेगळेच.

या बागेची मोठी अडचण चोरी ही आहे. मोठे दरोडेखोर एकेकाळी होते. रेल्वे आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक ओंडक्यांत सुरुंग लावून आतले जांभळे स्फटिक काढून नेत. ओंडके दळून घासकामाची पूड करण्यासाठी एक गिरणीही उभी राहिली होती. शेवटी १८९५ साली तिथल्या विधिमंडळाने वॉशिंग्टनकडे दाद मागितली, १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या जागेला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिले आणि १९६२ साली ते नॅशनल पार्क झाले. मोठी चोरी थांबली. राहिली ती छोटी. आपल्यासारखा सज्जन माणूस, मुलाबाळांसह आलेला, वाकतो, अंगठ्याएवढा तुकडा उचलतो आणि खिशात टाकतो. एवढ्याने काय होणार आहे?

या 'एवढ्याने काय होणार' विषयी तिथे एक प्रयोग झाला. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय असा, की आजवर पुष्कळ पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचे रूप बदलले आहे. दुसरीवर फक्त विनंती, कृपा करून लाकूड नेऊ नका. पहिली पाटी होती तेव्हा जवळजवळ आठ टक्के तुकडे गेले. दुसरी होती तेव्हा दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे 'पुष्कळ लोक चोरतात' ही तक्रार वाचून लोकांना लाज वाटली नाही, धीर आला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कान्ट आम्हाला सांगत असे की, सगळ्यांनी असेच केले तर चालेल का, हे स्वतःला विचार. परीक्षेत मी त्यावर चार पाने लिहिली होती. प्रत्यक्षात माणूस तोच प्रश्न उलटा करतो. सगळेच करतात, मग मी का नको? (आपण प्रवचनात 'आजकाल कोणी मिस्साला येत नाही' असे सांगतो तेव्हा काय होत असेल, हा विचार मला परतीच्या विमानात सुचला.)

मीही वाकलो होतो, हे लपवत नाही. क्रिस्टल फॉरेस्ट नावाच्या वाटेवर जांभळी शीर असलेला एक तुकडा मी उचलला. खिशात टाकायचा नव्हताच. नुसता हातात घेऊन तीन-चार पावले चाललो. मग यजमानबाईंनी माझ्याकडे पाहिले. ओशाळून मागे वळलो, पण तो नक्की कुठून उचलला होता ते सापडेना. सगळीकडे सारखेच तुकडे. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी ठेवून दिला. अर्ध्या मिनिटापूर्वीची जागा मला सांगता आली नाही.

बागेच्या दक्षिणेकडच्या टोकाला संग्रहालय आहे. तिथे पत्रे ठेवलेली आहेत. १९३०च्या दशकापासून नेलेले दगड लोक टपालाने परत पाठवत आले आहेत, सोबत क्षमा मागणारे पत्र. काही लहान मुलांच्या अक्षरात. काही चाळीस-पन्नास वर्षांनी आलेली, नेणारा वारल्यावर त्याच्या मुलांनी पाठवलेली. यातल्या निवडक पत्रांचे एक पुस्तकही २०१४ साली निघाले. बऱ्याच पत्रांत एकच कथा असते: दगड घरी आणला आणि संकटे सुरू झाली. नोकरी गेली, घटस्फोट झाला, गाडी बिघडली, कुत्रा मेला. दगड शापित आहे, परत घ्या.

धर्मगुरू म्हणून मला आधी हसू आले आणि मग थोडा राग. देव काही दगडात दडून बसून माणसाचे कुत्रे मारत नाही. ही अंधश्रद्धा आहे आणि आपल्याकडेही ती आहेच. घरात आजारपण आले की आपण कोणी नजर लावली ते शोधतो. पण मग आठवले की ख्रिस्तसभेने अशा माणसालाही दाराबाहेर उभे केलेले नाही. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप पूर्ण, आणि शिक्षेच्या भीतीपोटी झालेला अपूर्ण, असा भेद ट्रेंटच्या परिषदेने केला. तरी त्या अपूर्ण पश्चात्तापालाही तिने देवाची देणगी मानले. माणूस भीतीने का होईना, टपाल कचेरीपर्यंत चालत गेला, पार्सलचे पैसे भरले. पुष्कळ चांगली माणसे तेवढेही करत नाहीत. मी केले नव्हते, पण त्याकडे नंतर येतो.

परत आलेल्या दगडांचे काय करतात, हे तिथे मी विचारले. मला वाटले होते, पुन्हा जंगलात नेऊन ठेवत असतील. तसे करता येत नाही. कोणता दगड कोणत्या टेकडीच्या कोणत्या थरातला, हे दगडाच्या जागेवरूनच कळते. खापराचा तुकडा कोणत्या खोलीत पडला होता यावरून ती खोली स्वयंपाकाची होती की कोठाराची, हे संशोधक सांगतात. एकदा जागेवरून उचलला की तो नुसता सुंदर दगड उरतो. भलत्याच ठिकाणी ठेवला तर उद्याच्या अभ्यासकाला तो खोटे सांगेल. म्हणून परत आलेले दगड एका कच्च्या रस्त्याकडेला ढीग करून ठेवले आहेत. त्याला तिथले लोक विवेकाचा ढीग म्हणतात.

मजेची गोष्ट ही की, बागेच्या अधिकाऱ्यांनी जुने फोटो घेऊन त्याच जागा पुन्हा पाहिल्या तेव्हा लाकूड फारसे कमी झालेले दिसले नाही. इतकी वर्षे सांगितले जात होते तेवढे नुकसान झालेले नव्हते. मग परत पाठवण्यात अर्थ काय? जंगलाला त्याची गरज नाही, दगडाला त्याची जागा नाही. संत ऑगस्टीनने सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजाऱ्याच्या झाडाची पेअर चोरली होती. घरी याहून चांगली होती. चोरलेली त्यांनी डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा चोरीवर त्याने चाळिशी ओलांडल्यावर पानेच्या पाने लिहिली. पेअर कुठे परत करणार होता तो?

जक्कयची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. उंबरावर चढलेला तो बुटका जकातदार आपण मुलांना चित्रात रंगवायला देतो. पण त्याचा हिशेब नीट पाहा. गणनाच्या पुस्तकातला नियम असा की, जो स्वतःहून कबुली देईल त्याने घेतलेले परत करावे आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. चौपट भरपाई निर्गमात आहे ती मेंढरू चोरून कापले वा विकले, म्हणजे परत करणेच अशक्य झाले, तेव्हाची. जक्कय स्वतः कबुली देत होता. पाचव्या हिश्शात भागले असते. त्याने चौपट धरले. मला वाटते, त्याला ठाऊक होते की आपण घेतलेले आता जसेच्या तसे परत होणारच नाही. ज्या विधवेकडून जास्तीची जकात घेतली ती गाव सोडून गेली असेल. ज्याचे शेत त्या पैशापायी गेले त्याला आता शेत मिळणार नाही. म्हणून अर्धी मालमत्ता गरिबांना. आपले नीतिशास्त्रही तेच सांगते: मालक सापडला नाही तर त्याच्या वारसांना, वारस नसतील तर गरिबांना.

आता माझे.

२०१६ साली माझे बाबा वारले. त्याआधी पंधरा दिवस, खाटेवर उठून बसून, त्यांनी मला आणि माझ्या भावाला सांगितले की शेजारच्या काकांच्या शेताचा बांध आपण कोरलेला आहे. एकदम नाही. दर वर्षी पावसाआधी बांध घालताना फावड्याने एक वीत, दोन वितींनी. काकांना कळत होते, ते बोलले नाहीत. हे पापनिवेदन नव्हते, घरातले बोलणे होते, म्हणून लिहू शकतो. आणि भावाची परवानगी घेतली आहे.

बाबा गेले तोवर काकाही गेले होते. त्यांच्या मुलांनी जमीन विकली होती आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली होती. जिथे बांध होता तिथे स्कूटर लावतात. आम्ही दोघा भावांनी पट्टीचे माप काढले, विकली त्या भावाने रक्कम काढली. तिथे आमचे भांडण झाले. भाऊ म्हणाला, गावात कोणाचा बांध सरळ आहे ते दाखव. त्याला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काही दिले नाही. पैसे पाकिटात घालून मी कपाटात ठेवले आणि दोन वर्षे ते तिथेच राहिले. दर उपवासकाळात मी तुम्हाला परतफेडीवर प्रवचन देत होतो.

अॅरिझोनाहून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात काकांच्या मुलीकडे गेलो. तिचे सासर आमच्या गावापासून तासाभरावर आहे. आम्ही लहानपणी एकाच शाळेत जायचो. तिने ऐकून घेतले, पाकीट घेतले, माझ्यासमोर मोजले. ते मला बरे वाटले. मग तिने विचारले, "आणि बांधावरचं जांभळाचं झाड रे?"

बांध सरकवताना ते झाड मधे आले म्हणून बाबांनी तोडले होते. मला ते आठवतच नव्हते. तिला आठवत होते. सुट्टीत ती त्यावर चढून बसायची. पाकिटात झाडाचे पैसे नव्हते. मी तसे सांगितले. ती म्हणाली, राहू दे, आणि चहा टाकायला आत गेली. मी बसून राहिलो.

या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसणार आहे. ज्यांच्याकडे परत करायचे काही आहे, पण कोणाला आणि कसे हे कळत नाही, त्यांनीही यावे. गर्दी असेल तर मी साडेसातपर्यंत थांबेन.

तुमचा,
फादर