आधी थर वाचावेत

प्रकाशा गावाजवळ गोमाई नदी तापीला जिथे येऊन मिळते, तिथे काठावर मनाने येऊन बसा. जवळ केदारेश्वराचं देऊळ आहे. पाणी सावकाश पश्चिमेला चाललं आहे. तुमच्या मनात मात्र दोन दिवसांपासून एकच विचार घोळतो आहे. जुनी गाडी घ्यायची आहे आणि दोन गाड्या पसंत पडल्या आहेत. एक कंपनीतून निघाली तशीच आहे, दुसरी मॉडिफाय केलेली. किंमत जवळजवळ सारखी. संध्याकाळी विसार द्यायला बोलावलं आहे. संध्याकाळ अजून दूर आहे. फोन खिशात ठेवा. श्वास सावकाश होऊ द्या.

आता दुसरी गाडी डोळ्यांसमोर आणा. मन तिच्याकडेच ओढ घेतं, तर घेऊ द्या. रुंद टायर, चकाकणारी व्हील, जमिनीलगत बसवलेली बॉडी, काळ्या काचा, भारदस्त आवाजाचा सायलेन्सर. ती दारात उभी राहिली की गल्ली वळून पाहील, हेही मनात येतं. या इच्छेला नावं ठेवू नका. कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू देखणी असावी असं वाटण्यात काही वावगं नाही. फक्त स्वतःला हळूच विचारा: ही हौस माझी आहे, की गाडीच्या आधीच्या मालकाची?

उत्तराची घाई नको. थोडं मागे वळून गावाकडे पाहा.

या संगमाजवळ जुन्या वस्तीचं एक पांढरीचं टेकाड आहे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकाखाली एक उलगडत गेले. खापराचा एक तुकडाही आपला काळ सांगू शकला, कारण तो आपल्या थरात होता. नंतरच्या काळात कुणी खड्डा खणला असेल, तर त्या जागी खालची माती वर येते, वरची खाली जाते. खापर तेच राहतं, पण ते कुठल्या काळाचं हे त्या मातीवरून सांगता येत नाही.

जुनी गाडीही अशीच थरांची असते. हा विचार क्षणभर मनात राहू द्या.

आता पहिल्या गाडीभोवती मनाने एक फेरी मारा. बंपरवर ओरखडा आहे. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलं आहे. ही झीज मीटरवरच्या किलोमीटरशी जुळते का, हे पाहता येतं. बोनेट उघडलं की वायरिंग कंपनीने बांधलं तसंच आहे. कुठल्याही गावातला मिस्त्री हात लावताच तिला ओळखेल. तिचे थर हललेले नाहीत.

तशीच फेरी दुसऱ्या गाडीभोवती मारा. टायर मूळ मापापेक्षा उंच असतील, तर मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवतं आणि चाललेलं अंतरही कमी मोजतं. म्हणजे रनिंगचा आकडा कुणी फिरवला नसला तरी तो खरा राहत नाही. टायर फार रुंद असतील, तर अ‍ॅव्हरेज घटतं आणि चाकांच्या बेअरिंगवर भार येतो. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल, तर गतिरोधकावर तिचं पोट घासेल, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर तर विचारूच नका. जास्त वॅटचे दिवे जुन्याच वायरवर जोडले असतील, तर वायर तापते. चिकटपट्टी गुंडाळलेला तो एक जोड आगीला पुरेसा होतो. प्रत्येक बदलामागे एक हात आहे. तो हात कुशल होता की घाईत होता, हे तुम्हाला दिसत नाही.

कायद्याचीही एक नजर इथे फिरू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी गाडी तपासते तेव्हा न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो. हौस आधीच्या मालकाची, जबाब तुमचा.

पण मन एका बाजूला कलू देऊ नका. सगळे बदल सारखे नसतात. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताशी आणलेली गाडी पाहा. त्या बदलाने एका माणसाला रस्ता मोकळा करून दिला, आणि कायदाही त्याला वाट देतो. मान्यताप्राप्त सीएनजी किट आरसीवर चढवलं असेल आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली असेल, तर तो बदलही वाचता येतो. काय बसवलं, कुणी बसवलं, कधी बसवलं, काढलेला मूळ भाग कुठे आहे, एवढं मालक कागदासह सांगू शकला, तर तो थर विस्कटलेला नाही. तो नवा थर आहे.

आणि पहिल्या गाडीवरही आंधळा विश्वास नको. समोरच्या पाण्याकडे पुन्हा पाहा. ही तापी इथून उकाईच्या जलाशयात जाते आणि पुढे सुरतेला. ऑगस्ट २००६ मध्ये याच नदीने सुरतेत किती घरं आणि किती वाहनं पाण्यात घेतली, हे खानदेशात नात्यागोत्यांतून घरोघर कळलं होतं. बुडालेली गाडी धुऊन-पुसून ‘आहे तशी’ म्हणून विकता येते. म्हणून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. गालिचा उचला, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज पाहा. गुजरात किंवा मध्य प्रदेश पासिंगची गाडी असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही वाचा. गाडी जशीच्या तशी आहे हा नुसता शब्द असतो. तो तपासून घ्यावा लागतो.

आता पुन्हा स्वतःकडे या. ही गाडी कोणासाठी आहे? आईला नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं आहे, मुलीला शहाद्याला परीक्षेला सोडायचं आहे, लग्नसराईत घरची माणसं भरून न्यायची आहेत. त्या सगळ्यांना गाडीत बसवा आणि रात्रीच्या हायवेवर समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो आहे असं मनात आणा. त्या क्षणी ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे कुणी जुळवलेले असावेत असं तुम्हाला वाटतं? जे उत्तर आतून येईल त्याला जागा द्या.

माझं उत्तर मी सांगतो. जिचा प्रत्येक बदल कागदाने आणि डोळ्यांनी वाचता येतो, ती गाडी घ्यावी. दोन्ही वाचता येत असतील, तर आहे तशी गाडी घ्यावी, कारण तुमची हौस मांडायला तिच्यात जागा शिल्लक असते, आणि ती नियमात राहून सावकाश पुरवता येते. एक बदल जरी वाचता येत नसेल, तर ती कितीही देखणी असो, तिला नमस्कार करून परत या.

उठण्याआधी एवढं ठरवा: संध्याकाळचं बोलावणं उद्या सकाळवर न्यायचं. मिस्त्रीला सोबत घ्यायचं, इंजिन थंड असताना भर उजेडात बोनेट उघडायला लावायचं, आणि आरसी हातात घेऊन गाडीशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. विसार त्यानंतरच द्या.