मिरास आणि करुणा

नारदस्मृतीत दानाच्या व्यवहाराचे विवेचन करताना जे धन देण्यास अयोग्य म्हणून सांगितले आहे, त्यात ठेव आणि गहाण यांच्याबरोबरच अनेकांच्या सामाईक मालकीच्या धनाचाही समावेश आहे. दाता कितीही उदार असो आणि याचक कितीही गरजू असो, ज्यावर इतरांचाही हक्क आहे ते एकट्याच्या इच्छेने देता येत नाही, असा त्या नियमाचा सरळ आशय आहे. तो माणसामाणसांच्या व्यवहारासाठी सांगितला गेला हे उघडच आहे. परंतु ज्या घरात एक-दोन मांजरे वर्षानुवर्षे नांदत आहेत, त्या घरात पावसात भिजून कुडकुडणारे आणखी एक मांजर कोणी उराशी धरून घेऊन येतो, तेव्हा मला त्या नियमाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणणाऱ्याच्या अंतःकरणातील करुणा निर्मळ असते याविषयी शंका नाही. प्रश्न एवढाच, की जी जागा तो देत आहे ती एकट्या त्याचीच आहे काय?

कागदोपत्री ती त्याची आहे, यात वाद नाही. पण मांजराची वहिवाट कागदावर नोंदलेली नसते. ती दाराच्या चौकटीवर, पलंगाच्या पायावर आणि खुर्चीच्या कडेवर गंधाने नोंदलेली असते. मांजराच्या गालांत, हनुवटीत, तळव्यांत आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात, आणि येताजाता ते जे गाल घासते त्यात आपल्याला केवळ लाडिकपणा दिसत असला, तरी त्याच्या दृष्टीने ती आपल्या मुलखाच्या हद्दीची दैनंदिन मोजणीच असते. त्याचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर. ते एकट्याने हिंडणारे आणि एकट्याने शिकार करणारे. कुत्र्याला किंवा लांडग्याला कळपातील थोरल्या-धाकट्यांशी जमवून घेण्याची जी उपजत रीत लाभली आहे, ती त्याला मुळीच लाभली नाही. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले, म्हणजे माणसाचा आणि त्याचा सहवास तेवढा तरी जुना आहे. तथापि एवढ्या दीर्घ सहवासानेही परक्या मांजराचे सहर्ष स्वागत करण्याची वृत्ती त्याच्या ठिकाणी निर्माण झालेली नाही. म्हणून नव्याला पाहून जुने मांजर पाठीची कमान करते, शेपूट फुलवते, फिसकारते, तेव्हा त्याला मत्सरी किंवा आपमतलबी म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. फिसकारणे म्हणजे हल्ला नव्हे. अंतर राखावे, अशी ती फिर्याद असते. आणि ज्याच्यापाशी ती दाखल होते त्याने तिची दाद घेतली पाहिजे.

मराठेशाहीतील खेड्यांत मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने त्याच्याकडे चाले आणि गावकीत त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी हा बाहेरून येऊन मुदतीच्या कौलाने जमीन कसणारा. परंतु उपऱ्याने सदैव उपरेच राहावे असा दंडक नव्हता. गावकऱ्यांनी एकत्र बसून एखाद्याला मिरासपत्र करून दिल्याची उदाहरणे जुन्या दप्तरांत आढळतात. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते आणि तिचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. पण नव्याला मिरास मिळावयाची ती जुन्यांच्या साक्षीने आणि संमतीने, हे तिच्यातील तत्त्व मला न्याय्य वाटते. वरून हुकूम सोडून कोणाला कोणाचा शेजारी करता येतो, सोबती करता येत नाही.

हितोपदेशातील जरद्गव गिधाडाची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. आंधळे, वृद्ध गिधाड झाडाच्या ढोलीत राहते, त्या झाडावरचे पक्षी दयेने आपल्यातला घास त्याला देतात, आणि दीर्घकर्ण नावाचे मांजर धर्माच्या गोष्टी सांगून त्याच ढोलीत शिरते. पिल्ले खाल्ली जातात आणि ढोलीत हाडे सापडल्यावर पक्षी गिधाडालाच मारतात. कुळशील ठाऊक नसलेल्याला थारा देऊ नये, असे तात्पर्य या कथेतून काढण्याचा प्रघात आहे. मला ते अपुरे वाटते. जरद्गवाचा अपराध परक्याला थारा दिला हा नव्हे, तर ज्यांच्या झाडावर तो स्वतः आश्रित होता त्यांना न विचारता, केवळ आपल्या कानांवर विसंबून त्याने तो दिला, हा आहे. त्याच्या औदार्याची किंमत प्रथम ज्यांनी मोजली, त्यांचे मत कोणीही घेतले नव्हते. करुणेला असे दुसऱ्याच्या पदरचे खर्च करण्याची मुभा असू नये, एवढेच मी त्या कथेवरून शिकलो.

यावर कोणी गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा आधार घेऊन म्हणेल, की ज्ञान्याला सर्व भूते सारखीच. मग जुने आणि नवे हा भेद कशाला? हा आक्षेप गंभीर आहे. पण समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे, हे आपल्याकडे पूर्वापार सांगितले गेले आहे. गाय आणि हत्ती यांच्या ठायी एकच तत्त्व पाहणारा पंडितही दोघांपुढे सारखाच चारा टाकीत नाही. ज्याचे भय मोठे त्याला अधिक आडोसा, ज्याची वहिवाट जुनी त्याला अधिक आश्वासन, असे निरनिराळे वर्तन ज्या दृष्टीतून संभवते तीच दृष्टी मला सम वाटते. अतिथिधर्मही येथे पुरा पडत नाही, कारण तो मूलतः निघून जाणाऱ्यासाठी सांगितलेला आहे, आणि हा पाहुणा तर राहण्यासाठीच आलेला असतो.

आता मुक्या प्राण्याची संमती घ्यावयाची कशी? ती शब्दाने मिळत नाही, पण मिळते. नव्या मांजराला प्रथम एका स्वतंत्र खोलीत ठेवावे. तेथेच त्याचे खाणेपिणे, शौचासाठी मातीचे भांडे आणि लपावयास एखादे खोके असावे. पशुवैद्याकडून त्याची तपासणी आणि लसीकरण होईपर्यंत तर हा विलगवास रोगाच्या दृष्टीनेही आवश्यक असतो. मग मऊ फडके त्याच्या गालांवरून हळुवार फिरवून ते जुन्या मांजराच्या वाटीजवळ ठेवावे आणि जुन्याचे फडके त्याच्याकडे न्यावे, म्हणजे प्रत्यक्ष भेटीपूर्वी गंधाची ओळख होते. आमच्या घरची ठकी नावाची प्रौढ मांजरी अशा फडक्यापाशी प्रथम थबकली. मग तिने मान लांब करून ते हुंगले, वरचा ओठ किंचित उचलला आणि तोंड अर्धे उघडे ठेवून काही क्षण ती निश्चल राहिली. टाळूतील एका विशेष इंद्रियापर्यंत गंध पोहोचविण्याची मांजराची ती रीत आहे. नंतर ती फिसकारून दूर गेली, आणि थोड्या वेळाने आपण होऊन परत आली. ते परत येणे मला एखाद्या दस्तऐवजावरील सहीइतके मोलाचे वाटले.

पुढची सारी वाटचाल याच गतीने व्हावी. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची ताटली ठेवून ती दिवसादिवसाने दाराजवळ सरकवावी. दोघे स्वस्थपणे खाऊ लागले, की मधे जाळी ठेवून दृष्टिभेट घडवावी. आणि त्यानंतर थोडा वेळ, आपल्या देखत, मोकळी भेट. एकाने दुसऱ्यावर नजर रोखून धरली तर मधे हात न घालता पुठ्ठा धरावा आणि भेट तेथेच संपवावी. जितकी मांजरे त्याहून एक अधिक मातीचे भांडे असावे, आणि ती सर्व एकाच कोपऱ्यात नसावीत. या कामाला कधी थोडे दिवस, कधी महिने लागतात. पुष्कळदा अखेर जे घडते ते प्रेम नसते. एकाने खिडकी घ्यावी, दुसऱ्याने कपाटाचा माथा, आणि जाता-येता एकमेकांना वाट द्यावी, एवढाच तह होतो. मला तो पुरेसा वाटतो. परस्परांचा द्वेष न करता एका छपराखाली राहणे ही कनिष्ठ प्रतीची सिद्धी आहे, असे निदान माणसांनी तरी म्हणू नये.

तेव्हा ज्यांना दुसरे मांजर आणावयाचे आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की आधी आपल्यापाशी एक खोली आणि काही महिन्यांचा धीर आहे काय, हे तपासून पाहावे. असेल तर जरूर आणावे. नसेल तर त्या भिजलेल्या जिवाला पुसून, खाऊ घालून, त्याच्यासाठी दुसरे घर शोधावे. तेही करुणेचेच काम आहे, आणि त्याचा खर्च सर्वस्वी आपल्या पदरचा आहे.