फोन बाळाला नाही, तुला लागतो

सात महिन्यांचं पोर मोबाईलशिवाय घास घेत नाही, असं तोंड वर करून सांगतोस? त्याला मोबाईल दाखवला कुणी? ते स्वतः दुकानात गेलं होतं? स्टँड कुणी आणला? जेवायच्या खुर्चीसमोर बरोबर त्याच्या नजरेच्या टप्प्यात कुणी उभा केला? तूच ना? मग ‘त्याला सवय लागलीय’ हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. सवय तू लावलीस. तसंच म्हण.

न कळणाऱ्या माणसाला मी रागावत नाही, समजावते. तुला रागावते आहे, कारण तुला सगळं ठाऊक आहे. गाडी घेताना मायलेजपासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं खणून काढलंस. बाळाच्या बाबतीतही वाचलंस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको. दुसऱ्या वर्षातही नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते: दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी कधीतरी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. हे तूच मला सांगितलंस. वर म्हणालास, ‘पण प्रॅक्टिकली शक्य नाही.’ शक्य नाही की जमवायचं नाही? कळतं पण वळत नाही, असं म्हणून लोक स्वतःला माफ करून टाकतात. मी तुला करणार नाही.

आधी जेवणाचंच घेऊ. फोन लावला की वाटीभर खिमट पाच मिनिटांत संपतं, हे तुला यश वाटतं. काय झालं त्या पाच मिनिटांत? पोराने भाताला हात लावला नाही. वास घेतला नाही. चमच्याकडे पाहिलं नाही. पोट भरलं की बाळ तोंड फिरवतं, ओठ मिटतं. हे त्याचं ‘पुरे’ असतं. पडद्यावर डोळे खिळलेलं पोर ते ‘पुरे’ कसं म्हणणार? तोंड आपोआप उघडतंय आणि तू भरतोयस. याला भरवणं म्हणत नाहीत. भात केसात जाईल, नाकाला लागेल, जमिनीवर सांडेल. सांडू दे. खाली जुनी चादर टाक. पुसायला किती वेळ लागतो? बोटांनी शीत उचलता उचलताच एक दिवस अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, आणि त्याच चिमटीने पुढे तो पेन्सिल धरणार आहे. ती कसरत तू फरशी पुसायच्या कंटाळ्यापायी बंद पाडलीस.

आणि घास घेतला नाही तर? नाही घेतला. पुढच्या वेळी घेईल. वजन नीट वाढत असेल तर एका वेळचे चार घास कमी गेले म्हणून काही बिघडत नाही. वाढत नसेल तर डॉक्टरांकडे जा. यूट्यूब हा कुपोषणावरचा इलाज नाही.

‘पण मराठी गाणी असतात, शब्द शिकतो.’ हे तर तुझं लाडकं उत्तर. ऐक. पॅट्रिशिया कूल नावाच्या संशोधक आहेत, अमेरिकेतल्या. त्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर ती भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, त्यांनी पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली, ती बाळांच्या डोळ्यांत पाहून बोलली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं, पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष माणूस मिळालेल्या बाळांना चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. पडदा पाहणारी होती तिथेच राहिली. माणसं तीच, शब्द तेच. फरक काय होता? पडद्यावरचं माणूस बाळाने ‘आ’ केल्यावर थांबत नव्हतं. त्याला ते दिसतच नव्हतं.

तुला दिसतं. मग तू का थांबत नाहीस?

बाळ ‘अगूं’ करतं, तू ‘हो का?’ म्हणतोस, ते पुन्हा हुंकारतं, तू भुवया उंचावतोस. हेच ते बोलणं शिकणं. एकाने टाकायचं, दुसऱ्याने झेलून परत द्यायचं. यासाठी ॲप लागत नाही, वर्गणी लागत नाही, वायफाय लागत नाही. तुझं तोंड लागतं. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात नीट दिसतं, म्हणजे कुशीतून आईबापाचा चेहरा जितका लांब असतो तितकंच. निसर्गाने त्याच्यासाठी पहिलं चित्र निवडून ठेवलं होतं. त्या चित्राच्या आणि त्याच्या मध्ये तू काय धरलंस?

आता तू म्हणशील, मी जवळच बसलेला असतो. असतोस. हातात दुसरा फोन घेऊन. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी हसत-बोलत खेळते आणि मग सांगितल्यावरून एकदम चेहरा कोरा करते. बाळ आधी हसून पाहतं. मग हात पुढे करतं. मग आवाज काढतं, ओरडतं. तरी आईचा चेहरा हलत नाही, तेव्हा ते मान वळवतं, कोमेजतं, रडतं. ती आई शेजारीच होती. फोनमध्ये मान घातलेला बाप बाळाला कसा दिसतो, याचा कधी विचार केलास? तुझ्या बायकोला सांग, एकदा चोरून तुझा फोटो काढ म्हणावं. बघ तो चेहरा. दिवसभर पोराला तोच दिसतो.

टीव्हीचंही तसंच. ‘कुणी बघत नाही, नुसता चालू असतो.’ मग बंद कर! अमेरिकेत घरांमध्ये बाळांच्या अंगावर ध्वनिमुद्रण करणारी छोटी यंत्रं लावून एक अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक वाढीव तासामागे बाळाच्या कानावर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सरासरी ७७० ने कमी झाले होते. टीव्ही बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता. बाळाला बातम्या कळत नाहीत, पण तुमचं गप्प बसणं त्याच्या वाट्याला येतं.

वेळ नाही, हे माझ्यापुढे बोलायचंच नाही. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि दिवसाचे किती तास त्यावर गेले ते बघ. तो आकडा वाचून झाला की मग वेळेवर बोलू. बाळासाठी वेगळा तास काढ असं कोण म्हणतंय? लंगोट बदलतोस ना? त्यात चार मिनिटं जातात. ती मुकाट्याने का घालवतोस? पायाचं बोट धर, सोड, पुन्हा धर. काय करतोयस ते सांगत राहा: ‘आता हा पाय, आता तो पाय, आता झबलं.’ कपड्यांच्या घड्या घालताना त्याला शेजारी सतरंजीवर ठेव. एक ओढणी तोंडावर टाक, काढ, बुवा कुक कर. तुला पोरखेळ वाटतो. त्याच्यासाठी तो मोठा प्रश्न असतो: दिसत नाही ती गोष्ट असते की नसते? साधारण आठव्या महिन्याच्या आसपास ते लपवलेली वस्तू शोधायला लागतं. मग चमचा दुपट्याखाली लपव आणि त्याला शोधू दे. तू काढून देऊ नकोस. जरा धीर धर. तुझा धीर संपतो म्हणून त्याचं शोधणं थांबायला नको.

चमचा खाली टाकतं, तू उचलतोस, ते पुन्हा टाकतं, तुला राग येतो. का येतो? ते तुला छळत नाहीये. ‘मी सोडलं की पडतं, पडलं की वाजतं, वाजलं की बाबा वाकतो’, एवढं सगळं ते तपासतंय. स्टीलचा वाजतो, लाकडाचा वेगळा वाजतो, चादरीवर पडला की वाजतच नाही. दे त्याला सगळं. वाटी, डाव, झाकण, प्लॅस्टिकचा डबा, बिनपाण्याची लोटी. मग कशाला महागडी ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ची खोकी मागवतोस? आणि मागवलीस तर ती कपाटावर का पडलीयत? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, ते पानं, बिया, दगड, शंख-शिंपल्यांवर. ती मुलं तुझ्या बाळापेक्षा मोठी होती, हे खरं. पण खेळणी नाहीत म्हणून त्या दोघी अडून बसल्या नाहीत. तू भरल्या स्वयंपाकघरात उभा राहून अडतोस!

एक मात्र नीट ऐक, यात चूक चालणार नाही. तोंडात मावेल असं काही हाताशी ठेवायचं नाही. शेंगदाणा, चणा, मणी, नाणं, आणि रिमोटमधला तो चपटा सेल तर मुळीच नाही. तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. टोकाचं नको, काचेचं नको, गळ्यात अडकेल अशी दोरी नको. आणि तू नजर काढायची नाही. फोन हातात घेऊन नजर ठेवता येत नाही.

आता जमिनीकडे ये. पोर दिवसभर कुठे असतं? झोपाळ्यात, बाउन्सरमध्ये, कारसीटमध्ये, मग वॉकरमध्ये. जमिनीवर कधी? जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळाला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून बसवू नका, आणि रांगायच्या आधी जागेपणी पोटावर दिवसातून मिळून किमान अर्धा तास तरी ठेवा. सलग नव्हे, थोडं थोडं. जागं असताना. झोपताना पाठीवरच. पालथं घातलं की रडतं म्हणून तू लगेच उचललंस. अरे, मान उचलायला कष्ट पडतात, म्हणून कुरकुरतं! तू समोर पालथा पड. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत ये. मग बघ मान कशी वर येते ते. पाठ दुखते म्हणतोस? क्रिकेटला जाताना दुखत नाही.

तो वॉकर तर आजच काढून टाक. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, कारण त्यात बसलेली मुलं जिन्यावरून कोसळत होती. चालायला तर तो शिकवतच नाही. वॉकरमध्ये बाळाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, पडून उठावं लागत नाही. जे करून चालणं येतं तेच त्यातून काढून टाकलंय. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. उभं राहायला लागलेलं पोर तो स्वतःच्या पायांवर ढकलतं, तुझ्या नजरेसमोर.

आणि आईला मध्ये आणू नकोस. ‘आईच लावून देते’ म्हणालास. तुझ्या आईला तो फोन कुणी घेऊन दिला? चॅनेल कुणी लावून दिलं? त्याआधी ती त्याला खिडकीत कडेवर घेऊन कावळे दाखवत होती, ओव्या म्हणत होती, भाजी निवडताना त्याच्या हातात मेथीची काडी देत होती. त्याचं शिक्षण चालू होतं, ते तू थांबवलंस आणि तिला वर म्हणालास, ‘आता तुला दमायला नको.’ तिच्या गुडघ्यांची काळजी असेल तर घरी आल्यावर पोराला तू घे. बायकोचंही नाव घेऊ नकोस. ती रात्री तीनदा उठते. तू उठतोस का?

उद्यापासून फोन काढलास की पोर आकांत करेल. काही दिवस करेल. तू डगमगशील. तिसऱ्या दिवशी ‘एवढ्या एकाच वेळी’ म्हणून पुन्हा लावशील, मला माहीत आहे. तेव्हा त्याला नीट शिकवशील की जोरात रडलं की मिळतं. म्हणून आधीच ठरव, आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून ठरव. रडेल तेव्हा उचल, गॅलरीत ने, नळाखाली हात धर, पाणी वाहू दे. आणि कधी कधी काहीच करू नकोस. प्रत्येक कुरकुरीवर करमणूक लागत नाही. ते पंख्याकडे बघत पडलं असेल तर बघू दे. दहा मिनिटं स्वतःच्या मुठीशी खेळत असेल तर खेळू दे. तिथे तू मध्ये तोंड घालू नकोस.

दोन महिन्यांनी गोवर-रुबेलाची लस आहे. जाशील तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ने. वाढीचे टप्पे त्यात चित्रांसकट दिलेत. कधी उघडून पाहिलंस? नाव घेतल्यावर वळतं का, ‘बाबाबा, दादादा’ करतं का, आधाराशिवाय बसतं का, हे बघून ठेव. काही होत नसेल तर घरच्यांचं ‘बापही उशिराच बोलला होता’ ऐकत बसू नकोस, डॉक्टरांना विचार. फोन बंद केला की आपोआप सुधारेल, असंही गृहीत धरू नकोस. कानाची तपासणी लागू शकते, ती वेळेत व्हायला हवी. आणि डॉक्टर विचारतील, रोज किती वेळ मोबाईल बघतो? बायकोकडे बघू नकोस. अर्धा करून सांगू नकोस. खरा आकडा सांग.