आपल्यावाचून अडलं नाही

डिसेंबर २०२० मधली गोष्ट. मामांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना बांबोळीच्या इस्पितळात आणलं होतं. अँजिओप्लास्टी झाली, धोका टळला, पण आणखी चार दिवस राहावं लागणार होतं. रुग्णाजवळ एकच माणूस थांबू शकत होता. मामी थकलेल्या, म्हणून रात्रपाळी माझ्याकडे आली. संध्याकाळी चहा प्यायला बाहेर पडलो की जवळच्या जीएमसी स्टेडियमचे झोतदिवे लागलेले दिसायचे. आत इंडियन सुपर लीगचा सामना चालू असायचा. बाहेर ना गाड्या, ना शिट्ट्या, ना भेळवाला. एवढा प्रकाश आणि एवढी शांतता एकत्र मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

वॉर्डात परतलो की मामा विचारायचे, "कोण खेळतंय रे?"

मी फोनवर बघून सांगायचो. एकदा त्यांनी विचारलं, "आणि बघायला कोण आहे?"

"कोणी नाही, मामा. सगळं बंद दाराआड."

"मग ते खेळतायत कोणासाठी?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. माणसं मरत असताना खेळ चालू ठेवणं योग्य होतं का, हा त्याचा एक पदर. दुसरा पदर अधिक टोचणारा आहे: कोणाच्या हजेरीवाचून चालतं आणि कोणाच्या नाही, हे त्या काळात कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं?

*

मी मूळचा सावंतवाडीचा. नोकरीसाठी मडगावात आलो आणि मामांच्या घरी राहिलो. मामा साळगावकर, धेंपो, चर्चिल यांच्या काळापासून फातोर्ड्याला जाणारे. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ऑफसाइड त्यांनी मला पोह्यांच्या बशीत शेंगदाणे मांडून शिकवला. पुढे एफसी गोवा आला, आमच्या जागा ठरल्या, आजूबाजूची माणसंही ठरली. नावं माहीत नसलेली, पण आवाजावरून ओळखता येणारी माणसं.

१९ फेब्रुवारी २०२० ला एफसी गोवानं जमशेदपुरात ५-० असा विजय मिळवून साखळी फेरीतलं पहिलं स्थान पक्कं केलं. त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळाला. मामांनी त्या रात्री पेढे वाटले. त्याच रात्री मिलानच्या सान सिरो मैदानावर बर्गामोचा अटलांटा आणि स्पेनचा वॅलेन्सिया यांचा सामना होता. बर्गामो हे लाख-सव्वा लाख वस्तीचं शहर. तिथून आणि आसपासच्या गावांतून चाळीस हजारांच्या घरात माणसं तो सामना बघायला मिलानला गेली. अटलांटानं तो ४-१ असा जिंकला. चार गोलांच्या चार मिठ्या झाल्या. काही आठवड्यांत बर्गामो हे युरोपातल्या साथीचं सर्वांत दुःखी नाव झालं. तो सामना विषाणूच्या प्रसाराचं एक कारण ठरला असं नंतर अनेकांनी म्हटलं, शहराच्या महापौरांनीही.

ती माणसं काही चुकीचं करत नव्हती. आयुष्यातल्या मोठ्या रात्री आपल्या संघाच्या पाठीशी उभी होती, एवढंच. प्रेमाची जी सर्वांत साधी खूण आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे तिथे हजर असणं, तीच घातक ठरली.

आम्ही फातोर्ड्याला शेवटचे गेलो ७ मार्चला. चेन्नईयिनविरुद्धची उपांत्य फेरी. पहिला सामना ४-१ असा हरलो होतो, घरी ४-२ असा जिंकलो आणि एकूण ६-५ नं बाहेर पडलो. आठवड्याभरानं, १४ मार्चला, त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. एटीकेनं चेन्नईयिनला ३-१ असं हरवलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. मामा म्हणाले, "आपण बाहेर पडलो ते बरंच झालं. असं जिंकून काय करायचं होतं?"

*

पुढचा मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, आणि सगळाच्या सगळा गोव्यात. फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळी, अशी तीन मैदानं. अकरा संघ, ११५ सामने. देशभरातले क्लब इथल्या हॉटेलांत येऊन राहिले. खेळाडूंनी आधी खोलीत एकटं राहायचं, तपासण्या करून घ्यायच्या, त्या निर्दोष आल्या की मग सरावाला उतरायचं. हॉटेल, बस, मैदान, पुन्हा हॉटेल. याला नाव होतं बायो-बबल.

मोसमाची तयारी म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. नव्या माणसांनी एकमेकांच्या सवयी ओळखायच्या असतात. एफसी गोवाला त्या वर्षी ही गरज जास्तच होती. आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीकडे गेले होते आणि बुमू, जाहू, फॉल, आपला मंदार राव देसाई असे महत्त्वाचे खेळाडूही तिकडेच गेले होते. नवे प्रशिक्षक हुआन फेरांदो यांना नवा संघ उभा करायचा होता, आणि त्यातले बरेच दिवस बंद खोल्यांत गेले. गोव्याच्या मुलांची गंमत तर वेगळीच. घर अर्ध्या तासावर, पण जायचं नाही. पहिल्या सामन्यात बंगळूरुविरुद्ध दोन गोल खाऊन आंगुलोनं लागोपाठ दोन फेडले. असा क्षण फातोर्ड्यात झाला असता तर आमच्या रांगेतले म्हातारे खुर्चीवर चढले असते. प्रत्यक्षात राखीव खेळाडूंच्या टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

२७ नोव्हेंबरला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची लढत वास्कोत झाली. कोलकात्यात ज्या सामन्यासाठी साठ हजार माणसं गोळा होतात, तो टिळक मैदानावर, कोणी नसताना. आमच्या दारात देशाचा फुटबॉल येऊन बसला होता आणि दार आतून लावलेलं होतं.

*

खेळ चालू ठेवण्याच्या विरोधातला पहिला मुद्दा सभ्यतेचा. शेजारी प्रेत पडलं असताना आपण रेडिओ लावत नाही. पण साथीतलं सुतक दहा-तेरा दिवसांचं नव्हतं, त्याला शेवटच नव्हता. तेवढा काळ गवंड्यानं, शिक्षकानं, नटानं थांबायचं म्हटलं तर ते सुतक राहत नाही, उपासमार होते. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. त्यातलं एक वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. शिवाय मैदानावर दिसतात बावीस. त्यांच्यामागे मालिश करणारे, गवत राखणारे, बसचालक, स्वयंपाकी असतात. हा मुद्दा मला पटतो.

दुसरा मुद्दा दिलाशाचा. मामांचंच बघतो. इस्पितळातून घरी आल्यावर जिना उतरायची बंदी, पाहुण्यांना बंदी. साडेसात वाजता सामना असे, म्हणून त्यांच्या दिवसाला साडेसात वाजत. ही लहान गोष्ट नव्हे.

पण एका बाबतीत मामांचा ठाम विरोध होता. जून २०२० मध्ये इंग्लंडमधली लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा टीव्हीवर रिकाम्या मैदानाला मुद्रित गर्दीचा आवाज जोडलेला असे. चेंडू गोलजवळ गेला की कुठलातरी जुना जमाव ओरडायचा. मामा लगेच आवाज बंद करायचे. "माणसं घरात कोंडलेली आणि त्यांचा आवाज वापरतायत," म्हणायचे. मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला होता. आता वाटतं, त्यात बरंच शहाणपण होतं. रिकामं मैदान हे निदान खरं होतं. तिथे कोणीतरी नाही, हे ते सांगत होतं. मुद्रित आरडाओरड मात्र म्हणत होती, काही बिघडलेलं नाही.

आणि खरोखरच फारसं बिघडलं नव्हतं, हीच आम्हा प्रेक्षकांना झोंबलेली गोष्ट. आम्ही समजत होतो की खेळ आमच्यामुळे आहे. बारावा खेळाडू वगैरे. सामने झाले, गोल झाले, विजेतेही ठरले. मुंबई सिटीनं उपांत्य फेरीत आम्हालाच पेनल्टींवर हरवलं आणि १३ मार्च २०२१ ला, आमच्याच फातोर्ड्यात, बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलावर चषक जिंकला. अंधेरीत ज्यांनी वर्षानुवर्षं या दिवसाची वाट पाहिली, त्यांनी तो दिवाणखान्यात साजरा केला. आमच्यावाचून अडलं नाही. हे अपमानास्पद नाही, पण माणसाला जागेवर आणणारं आहे. मी प्रेक्षक होतो, मालक नव्हतो. ज्याच्यावाचून अडतं तो त्या दिवसांत शेजारच्या इमारतीत पीपीई किट घालून घामाघूम होत होता.

*

इथवर माझा हिशेब सरळ होता: खेळले ते ठीक, आम्हाला आत घेतलं नाही तेही ठीक. एप्रिलनं तो मोडला.

एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे गटसामने फातोर्ड्यातच ठरले. कतारचा अल रय्यान, अमिरातीचा अल वहदा, इराणचा पर्सेपोलिस. मामांनी वर्षभर ज्याची वाट पाहिली ती स्पर्धा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आली होती. तोवर दुसरी लाट आली आणि सामने सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मामा पॉझिटिव्ह निघाले. या वेळी इस्पितळ वेगळं होतं आणि नियमही. सोबत कोणी थांबायचं नाही.

१४ तारखेला अल रय्यानशी ०-० बरोबरी झाली. या स्पर्धेत भारतीय क्लबला मिळालेला तो पहिला गुण. रात्री एका परिचारिकेनं मेहेरबानी करून मामांच्या कानाला फोन लावला. मी म्हटलं, "मामा, शून्य-शून्य."

थोडं थांबून, श्वास गोळा करून ते म्हणाले, "म्हणजे गुण मिळाला म्हणायचा."

हे आमचं शेवटचं बोलणं. २० तारखेला पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियानं गोव्याला आघाडी मिळवून दिली, मग २-१ नं हार झाली. तो सामना मी नंतर पाहिला. त्या दिवशी आम्ही दोघंजण स्मशानात लांब उभे होतो. मामी घरी होत्या. त्यांना चेहरा दिसला नाही.

मला राग आला तो फुटबॉलवर नाही. इस्पितळावरही नाही, तिथली माणसं माझ्यापेक्षा जास्त दमलेली होती. राग यायला बरेच महिने लागले आणि तो एका साध्या गोष्टीतून आला. ज्या राज्यात तपासणी, विलगीकरण, ठरलेला रस्ता, ठरलेली बस असं सगळं बसवून परदेशातले संघ आणता आले, त्याच राज्यात एका बाईला किट घालून नवऱ्याजवळ दहा मिनिटं बसवणं कोणाला सुचलं नाही. बायो-बबलनं एक गोष्ट सिद्ध केली होती: धोका शून्य करता येत नाही, पण नीट आखणी केली तर तो आटोक्यात ठेवून माणसांना जवळ आणता येतं.

यावर उत्तर आहे, आणि ते मी स्वतःलाच पुष्कळदा दिलं आहे. खेळाडू काही शेकडा, रुग्ण हजारो. खेळाडू तरुण आणि निरोगी, वॉर्डात हवेतच विषाणू. किट डॉक्टरांनाच पुरत नव्हते. सगळं मान्य. तरीही हे उत्तर "शक्य होतं का?" या प्रश्नाचं आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कोणी प्रयत्न केला का? फुटबॉलच्या बाबतीत "कसं जमवायचं" इथून सुरुवात झाली, कारण जमवण्यात कोणाचा तरी पैसा गुंतलेला होता. मरणाऱ्याच्या उशाशी बसण्याच्या बाबतीत "जमणार नाही" इथेच सुरुवात आणि शेवट झाला. त्या दहा मिनिटांचे प्रक्षेपण हक्क कोणी विकत घेतलेले नव्हते.

म्हणून मामांच्या प्रश्नाला मी आज असं उत्तर देईन. खेळले यात चूक नव्हती. चूक होती ती दोन प्रकारच्या हजेऱ्या एकाच मापानं मोजण्यात. माझी फातोर्ड्यातली हजेरी पडद्यावर हलवता येत होती, थोडं दुःख सोसून. मामींची हजेरी कुठेच हलवता येत नव्हती. दोघांनाही एकच शब्द लावला गेला: गर्दी. आणि आम्हीही तो निमूट मान्य केला. यात मीही आलो. किट मिळेल का, दारातून तरी बघता येईल का, असं मी एकदाही विचारलं नाही. नियम आहे म्हटल्यावर मला सुटल्यासारखंही वाटलं होतं, कारण मी घाबरलो होतो. हे लिहायला मला तीन वेळा खोडावं लागलं.

*

२० मार्च २०२२ ला हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्या अंतिम सामन्यासाठी फातोर्ड्याची दारं उघडली. मी गेलो नाही. पुढच्या मोसमात एफसी गोवा पुन्हा प्रेक्षकांसमोर खेळू लागला तेव्हा मामी म्हणाल्या, "जाऊन ये. घरात बसून काय करणार आहेस?"

गेलो. आमच्या रांगेत दोन ओळखीचे आवाज होते, तिसरा नव्हता. त्याच्याबद्दल मी विचारलं नाही, मामांबद्दल त्यांनी विचारलं नाही. मध्यंतरात एकानं शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला. उत्तरार्धात पंचानं एक सरळ सरळ पेनल्टी नाकारली आणि आम्ही तिघंही उठून ओरडलो. घरी आल्यावर मामींनी विचारलं, कसं झालं. मी त्यांना सगळा सामना पहिल्यापासून सांगितला, मामा मला सांगायचे तसा. ऑफसाइडचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला कधीच कळलं नाही." मी स्वयंपाकघरातून बशी आणली.