आधी नाव, मग सुई

पुस्तक मिटून बाजूला ठेव. फ्लेबोटॉमीच्या परीक्षेसाठी जे पाठ व्हायचं होतं ते एव्हाना झालं आहे, आणि राहिलं ते आज रात्री डोक्यात शिरायचं नाही. सुरतजवळच्या चलथाणमध्ये शांतता मिळणं अवघड, हे ठाऊक आहे मला. महामार्गावरचे ट्रक रात्रभर चालू असतात, ताप्ती लाइनवरची गाडी उधन्याकडे निघून जाते. आवाज असू देत. पाठ भिंतीला टेकव. डावा हात तळवा वर करून मांडीवर ठेव आणि श्वास त्याच्या चालीने येऊ-जाऊ दे.

घाई करू नको. आज आपण फक्त हाताकडे बघणार आहोत.

कोपराच्या वळणावर नजर ने. कातडीखाली निळसर-हिरवट रेघा दिसतात का? दिसल्या तर बरं, नाही दिसल्या तरी बिघडलं नाही. डोळ्याला दिसते ती शीर चांगलीच असते असं नाही. मधोमध तिरकी जाते ती मीडियन क्युबिटल. अंगठ्याच्या बाजूला सेफॅलिक. करंगळीच्या बाजूला बॅसिलिक, आणि तिच्या जवळूनच धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून तिच्याकडे सगळ्यांत शेवटी वळायचं. ही नावं तुला झोपेत विचारली तरी येतील. आज नावं सोड आणि जागा बघ.

आता उजव्या हाताने डावा दंड धर, कोपराच्या वळणाच्या चार बोटं वर. पकड घट्ट हवी, पण मनगटाची नाडी चालू राहिली पाहिजे. वाट बघ. हाताला थोडं जड वाटेल, शिरा सावकाश भरतील. 1628 साली फ्रँकफर्टला विल्यम हार्वेचं एक छोटं लॅटिन पुस्तक छापलं गेलं, त्यात असाच दंड बांधलेला हात चित्रात दाखवला आहे. फुगलेल्या शिरेतलं रक्त बोटाने तळहाताकडे ढकलायला गेलं की ते झडपेपाशी अडतं, हृदयाकडे ढकललं की सहज सरकतं. रक्त शरीरात फिरतं हे जगाला पटवताना हार्वेने जे पुरावे मांडले, त्यांतला हा एक. तुझ्या किटमधला टूर्निकेटही हेच करतो. फिरणारं रक्त क्षणभर अडवायचं, आणि वेळेत सोडायचं.

सोड आता. मिनिट व्हायच्या आत सोड.

टूर्निकेट एका मिनिटाहून जास्त ठेवू नये, हे वाक्य पेपरात येतं म्हणून आपण घोकतो. त्यामागे काय घडतं ते एकदा मनात घडू दे. अडलेल्या शिरेतून पाणी हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी आणि प्रथिनं मागे राहतात, त्यांचं प्रमाण वाढतं. त्यात ‘मूठ उघडझाप करा’ असं सांगितलं, तर स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं. मग यंत्र अगदी प्रामाणिकपणे चुकीचा आकडा छापतं, आणि तो वाचून डॉक्टर कोणाचं तरी औषध बदलतात. लॅबच्या बहुतेक चुका यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात. त्या आधीच्या मिनिटांचीच ही परीक्षा आहे असं मी मानतो.

इथे थांब. दोन-तीन श्वास जाऊ दे.

डोळे मीट. तर्जनीने पुन्हा कोपराचं वळण शोध. अंगठा वापरू नको, त्याला स्वतःचा ठोका असतो. हलकेच दाब, सोड. शीर दबते आणि उसळून वर येते. कंडरा कडक लागते, उसळत नाही. धमनी ठोके देते. शीर सापडली की बोट तिच्यावरून थोडं वर-खाली फिरव, ती कुठून येते आणि कुठे जाते ते बोटाला कळू दे. डोळ्यांपेक्षा बोटावर जास्त भरवसा ठेवावा, असं जुने हात सांगतात आणि ते खरं आहे. पण बोटाला ही ओळख माणसांच्या हातांवरूनच होते. अमेरिकेत नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनचं प्रमाणपत्र हवं असेल, तर जिवंत माणसांच्या शिरेतून 30 वेळा आणि बोटातून 10 वेळा रक्त काढल्याची नोंद दाखवावी लागते. आपल्याकडे हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची फ्लेबोटॉमिस्टची परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही अंगांनी होते. सरावाचा रबरी हात घाबरत नाही, आखडत नाही, त्याला घाम येत नाही. म्हणून आज मनात माणसाचाच हात घे.

कोणाचा? चलथाणमध्ये फार लांब जावं लागत नाही. दिवाळीनंतर साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं तशा नंदुरबार, नवापूर, धुळे, डांग या भागांतून कोयत्याच्या टोळ्या उतरतात आणि फडांजवळ त्यांचे पडाव पडतात. उधना, लिंबायत, डिंडोलीतला खानदेशही ताप्ती लाइनच्याच रुळांवरून येऊन वसलेला आहे. तुझ्या घरातलंही कोणी असंच आलं असेल. त्या पडावातली एक बाई तुझ्यासमोर खुर्चीच्या कडेला टेकली आहे असं समज. पूर्ण बसलेली नाही. उसाच्या पात्यांनी मनगटावर बारीक चरे उमटलेत, तळव्याला घट्टे आहेत. सुईकडे बघायचं टाळते आहे.

तिच्या रक्तात काय शोधायचं आहे? या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट. आकडा फार मोठा आहे, पण त्यातली प्रत्येक तपासणी एका बोटापासून किंवा एका शिरेपासून सुरू होते, आणि तिथे तुझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असतं.

सुई अजून उचलू नको. आधी तिला नाव विचार.

‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नको. घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. लवकर सुटावं म्हणून ‘हो’ म्हणतो. ‘ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं म्हण, आणि ती सांगेपर्यंत गप्प राहा. मग वय किंवा जन्मतारीख विचार, आणि दोन्ही कागदाशी ताडून बघ. पडावात आडनावं मोजकी असतात, एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोघी एकाच रांगेत उभ्या असू शकतात. तिथे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, वय यांवरच सगळं ठरतं.

हे सावकाश मनात उतरू दे. दोघींच्या ट्यूबांची अदलाबदल झाली, तर एकीला नसलेला दोष चिकटतो आणि दुसरीचा लपून राहतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणीच्या एका कागदावरून सोयरीक पुढे जाते किंवा थांबते; पोर पोटात असताना कुठली काळजी घ्यायची तेही त्यावरूनच ठरतं. सुई वाकडी गेली तर हात काळानिळा होतो, आठवड्याभरात बरा होतो. नाव वाकडं गेलं तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझ्या लेखी या कामात नाव सुईच्या वर आहे, आणि हे मी कोणत्याही परीक्षकासमोर सांगेन.

आता बोट. ती उजव्या हाताने कोयता धरते, म्हणून डावा हात घे. मधलं किंवा अनामिका. अगदी टोकावर किंवा अगदी कडेला टोचायचं नाही. टोकाच्या गादीवर मध्यापासून जरा बाजूला, ठशाच्या रेघांना आडवं. घट्टे पडलेलं बोट गार आणि कडक असेल, तर आधी ते आपल्या हातात धरून ऊब दे. पहिला थेंब कापसाने पुसून टाक, त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळलेलं असतं. नंतरचा थेंब आपसूक फुगू दे, बोट पिळू नको. खरा आजार आहे की वाहकपण, याची खात्री करायची तर पुढे एचपीएलसी तपासणीसाठी शिरेतलं रक्त लागतं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये.

ट्यूबा डोळ्यांसमोर ओळीने मांड. कल्चरच्या बाटल्या असतील तर त्या सगळ्यांत आधी. मग निळं झाकण, मग लाल किंवा पिवळं, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी करडं. ही ओळ उलटसुलट करून बघ आणि काय बिघडतं ते मनात पाहा. जांभळ्यातलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ. त्याचा अंशही लाल ट्यूबमध्ये गेला, तर पोटॅशियम फुगलेलं दिसतं आणि कॅल्शियम खाली आलेलं. निळ्यात सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग हे प्रमाण ठरलेलं आहे, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. कारण कळलं की ओळ विसरत नाही.

मनातल्या हातात जांभळी ट्यूब घे. मनगट वळव, उलटी. परत वळव, सरळ. असं आठ ते दहा वेळा. निळ्यासाठी तीन-चार वेळा पुरे. प्रत्येक वळणाला आतला बुडबुडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण जाऊ दे. झटके दिले तर तांबड्या पेशी फुटतात आणि सॅम्पल हिमोलाइज्ड म्हणून परत येतं. मग त्या बाईला पुन्हा टोचावं लागतं, आणि तिचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो.

टोचण्याचा भाग थोडक्यात, कारण तो तुझ्या हाताला येतो. स्पिरिट लावल्यावर अर्धं मिनिट सुकू दे; ओलं असताना टोचलं तर झोंबतं. सुईचं तिरकं तोंड वर, कोन 30 अंशांपेक्षा कमी. सुई बाहेर काढण्याआधी टूर्निकेट सोड. कापूस ठेवून कोपर दुमडायची आपल्याकडे घट्ट सवय आहे. हात सरळ ठेवून दाबायला सांग. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती तशीच पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाक. डब्याबद्दल 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हेच लिहिलं आहे. आणि लेबल? ट्यूब भरल्यावर, तिच्यासमोर, ती जागेवर असतानाच.

तुझ्याही मनात भीती असेल, तिलाही बसायला जागा दे. सुई स्वतःला लागली तर? साबणाने आणि वाहत्या पाण्याने धू, पिळू नको, लपवू नको, लगेच वरिष्ठांना सांग. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. सांगायला लाजणारे लोक मी पाहिलेत; त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आता श्वास पुन्हा स्वतःचा घे. परीक्षेत परीक्षक कदाचित रबरी हात पुढे सरकवतील आणि ‘सुरू करा’ म्हणतील. हात धू, हातमोजे घाल, आणि त्या रबरी हातालाही नाव विचार, वय विचार, उपाशी आहात का तेही विचार, मोठ्याने. बघणाऱ्याला विचित्र वाटलं तरी चालेल.

आणखी एक मागणं. तुझं मूळ नंदुरबार-धुळ्याकडचं किंवा डांग-तापीकडचं असेल आणि सिकलसेलची तपासणी अजून झाली नसेल, तर परीक्षेच्या निकालाची वाट न बघता जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ती करून घे, आणि घरातल्या लहान भावंडांनाही सोबत ने.