एका सुताचा फरक

माणसाने दोन प्रसंगी घरी थांबू नये, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. एक, सासुरवाडीची मंडळी मुक्कामाला येणार असतील तेव्हा. आणि दुसरे, घरात फरशी बसत असेल तेव्हा. पहिल्या प्रसंगी बँकेत 'इन्स्पेक्शन' असल्याचे सांगून मी निसटतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र चांगली पाच दिवसांची रजा टाकून थांबलो. एवढे काम मनासारखे व्हावे म्हणून. पुढे जे झाले ते मनासारखेच झाले, फक्त माझे मन कसे आहे ते मला ठाऊक नव्हते.

आमच्या घरात वडिलांनी घातलेली शहाबादी फरशी होती. शहाबाद हे गुलबर्ग्याच्या पुढे, वाडीच्या अलीकडे लागणारे स्टेशन. सोलापूरची जुनी घरे तिथून आलेल्या या फरशीवरच उभी आहेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला, की दुपारी बादलीभर पाणी ओतायचे आणि उघड्या अंगाने तिच्यावर पडायचे. हे सुख एअरकंडिशनरवाल्यांना कळायचे नाही. पण फरशीच्या खाली असते आमची काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तीसेक वर्षे तिचे हे चालल्यावर वर आमच्या दिवाणखान्यात बालाघाटचे डोंगर तयार झाले. घरातल्या एकाही टेबलाचे चारही पाय एका वेळी जमिनीला टेकल्याचे कोणी पाहिलेले नाही. एका पायाखाली एस. टी.च्या तिकिटाची घडी कायम. यंदाच्या पावसाळ्यात आईचा पाय एका फरशीच्या कडेला अडकला आणि अंगठ्याचे नख गेले. मग मात्र हिने जाहीर केले, "आता फरशी बदलायची. सगळी. आणि सरळ."

मिस्त्री आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलणे बेताचे. मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले, "मिस्त्री, एकदम सपाट पाहिजे बरं का."

ते म्हणाले, "एकदम म्हंजे किती, मालक?"

बी. कॉम.च्या तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मिस्त्रीच पुढे म्हणाले, "एक सूत इकडंतिकडं चालतंय का?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचे सोलापूर सुताचेच गाव. गिरण्या बंद पडल्या तरी चादरी-टॉवेलांचे माग अजून खडखडतात. पण चादरीचे सूत वेगळे आणि गवंड्याचे वेगळे. मी ताठपणे सांगितले, "एक सूतसुद्धा नाही. आमच्या बँकेत एका पैशाचाही फरक चालत नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

पुढे चार दिवसांत मला जे ज्ञान झाले ते असे, की जगात एकदम सपाट असे काही नाही. नवी टाइलसुद्धा नसते. बाराशेच्या आसपास डिग्रीच्या भट्टीतून ती निघते आणि निघताना मधोमध किंचित पाठ काढून येते. हिला लांबट टाइला विटांसारख्या अर्ध्यावर अर्धी अशा बसवायच्या होत्या. मिस्त्रींनी नको म्हटले. एकीची फुगीर पाठ शेजारणीच्या खाली गेलेल्या कडेशी आली, की कड लागणारच. त्यापेक्षा चौकोनी घ्या आणि सांध्याला सांधा लावा. ग्रीकांनी अथेन्सला पार्थेनॉनचे देऊळ बांधले, इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात. त्याचा चौथरा सरळ दिसतो, पण लांबीच्या बाजूला मधे सुमारे अकरा सेंटिमीटर उंच आहे, आणि तो त्यांनी मुद्दाम तसा केला. ते असू द्या. स्थिर पाण्याइतके तर सपाट काही नाही ना? पण पृथ्वीच गोल, त्यामुळे एक किलोमीटरवर पाणीही आठ सेंटिमीटर खाली वळलेले असते. म्हणजे आमच्या सिद्धेश्वर तलावाचे पाणीसुद्धा, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला तेव्हापासून, अंमळ फुगीरच आहे. हे मी मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "असंल. पण पाय अडकत न्हाई त्येच्यात."

मला सर्वांत आवडले ते लेव्हल काढायचे काम. हल्ली लाल रेघ मारणारी यंत्रे निघाली आहेत, पण मिस्त्रींचा भरवसा पाण्याच्या नळीवर. पारदर्शक नळी पाण्याने भरायची, आत बुडबुडा ठेवायचा नाही, आणि एक टोक एकाने या भिंतीशी, दुसरे दुसऱ्याने त्या भिंतीशी धरायचे. त्यांचा पोऱ्या त्या दिवशी उशिरा आला म्हणून दुसरे टोक माझ्या हाती दिले. "सोडा… थोडं वर… बस!" दोघांनी आपापल्या टोकाला पेन्सिलीची खूण करायची. मग त्या खुणांवरून खोलीभर रेघ, रेघेपासून खाली माप, कोपऱ्यांत सिमेंटचे ठिपके, ठिपक्यांवरून दोरी. बाटलीतला बुडबुडा एकट्याला पाहता येतो. नळीला माणसे दोन लागतात, आणि प्रत्येकाला दिसते ते आपलेच टोक. दुसऱ्याच्या टोकाला पाणी कुठे आहे, ते त्याला विचारल्यावाचून कळत नाही.

हे वाक्य मला त्या वेळी सुचले असते तर पुढचे टळले असते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवाणखाना पुरा झाला. मिस्त्री पाय धुऊन म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत कुणी पाय ठेवू नका. ओलं हाय." आईने उंबऱ्याशी आडवी खुर्ची लावली. मी सर्वांना दम दिला. आणि रात्री अकरा वाजता, सर्व झोपल्यावर, हातात टॉर्च आणि मुलाची काचेची गोटी घेऊन मी खुर्ची सरकवली.

मला फक्त गोटी ठेवून पाहायची होती. सपाट असेल तर गोटी थांबेल, नसेल तर घरंगळेल. गोटी उंबऱ्यातून ठेवली ती गडगडत आतच गेली. आता आणण्यापुरता एकच पाय टाकला. बगळ्यासारखा. फार तर दीड पाय. गोटी घेतली, खुर्ची जागेवर ठेवली आणि झोपलो. सकाळपर्यंत विसरलोही. 'विसरलो' हा शब्द बरोबर आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही. ज्या रकमेचे कुठे काय करायचे ते सुचत नाही, ती बँकेत आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तशी ती रात्र मी कुठेतरी टाकली.

पाचव्या दिवशी पट्टी लावून मी स्वतः तपासणी केली. सगळी जमीन आरशासारखी, आणि उंबऱ्यापासून दुसऱ्या रांगेतल्या एका टाइलचा कोपरा एक सूत खाली.

मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. दिवसाच्या शेवटी फरक नऊने भागला गेला, की कुठेतरी ५४ चे ४५ झाले असणार हे कारकुनाला कळते आणि त्याचे डोळे लकाकतात, तसे माझे लकाकले असावेत. "मिस्त्री, हे काय?" मी आईसमोर, हिच्यासमोर, त्यांच्या पोऱ्यासमोर विचारले. मिस्त्री वाकले. त्यांनी बोटाने सांधा चाचपला, टाइलवर टिचकी मारली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "काढून बसवून देतो."

"ते तर द्यालच. पण माझी आई पडली असती तर? एक सूत नाही म्हणजे नाही, असं ठरलं होतं." आणि मजुरीतून पाचशे रुपये कापून मी बाकीचे मोजून दिले. मिस्त्रींनी ते न मोजता खिशात घातले. दुसरे काम लागले म्हणून त्यांचे येणे राहिले. मला वाटले, रागावले असतील. रागावू देत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तत्त्वाला आठ दिवस झाले असतील. पहाटे अर्धवट झोपेत पाणी प्यायला उठलो, उंबरा ओलांडला आणि पाय टेकला तो नेमका त्या टाइलवर. टाच बरोबर त्या कोपऱ्यात. मागे जाऊन पुन्हा ओलांडला. पुन्हा तिथेच. डावा पाय आधी टाकून पाहिला, झोपेत चालल्यासारखे करून पाहिले. टाच कोपऱ्यात. ती टाइल उंबऱ्यापासून माझ्या एका ढांगेवर होती. हिच्या नाही, आईच्या नाही, मिस्त्रींच्या नाही. माझ्या.

तिथेच बसलो. काही वर्षांपूर्वी एकदा माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी पडले होते. कॅश जास्त निघाली तर ती बँकेची, कमी पडली तर कॅशियरच्या खिशातून, असा रिवाज. मी निमूट भरले. चौथ्या दिवशी आमच्या साहेबांना आठवले, की सुट्टे म्हणून नोट त्यांनीच नेली होती. पैसे परत मिळाले. पण मधल्या तीन दिवसांत शिपायाने मला चहा देताना कप जरा लांब ठेवला होता, तो मला अजून दिसतो. त्या साहेबांविषयी मी पुढे वर्षभर घरी काय काय बोललो, ते हिला विचारा.

संक्रांत दोन दिवसांवर होती. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सोलापुरातला माणूस कुठे ना कुठे सापडतोच. संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगुळाची पुडी आणि पाचशेची नोट घेऊन होम मैदानावर गेलो. तासाभराने मिस्त्री दिसले. आकाशपाळण्याखाली उभे, नातू वर बसलेला. मी पुडी पुढे केली. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायची माझी छाती झाली नाही. नोट दिली आणि रात्रीची सगळी हकीकत सांगितली, गोटीसकट.

"ठाव हाय," मिस्त्री म्हणाले. "सांध्यातनं सिमेंट वर आलं हुतं त्या कोपऱ्यात. फरशी आपणहून बसली तर येत न्हाई तसं. वरनं कुणीतरी दाबली तरच येतंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

पाळणा खाली आला. नातवाने हात केला, त्यांनीही केला. "आई बसल्या हुत्या की तिथं. त्यांच्यासमोर तुम्हाला काय बोलू?"

मी त्यांना बोललो होतो तेव्हा त्यांचा पोऱ्या समोर होता. तो त्यांचा धाकटा मुलगा, हे मला तिथे मैदानावर कळले.

नोट त्यांनी घेतली. "राहू द्या" वगैरे म्हणाले नाहीत, ते मला बरे वाटले. माझ्या टोकाला पाणी किती होते ते मी पाहिले होते, त्यांच्या टोकाचे आज विचारले. एवढ्याने लेव्हल निघाली, असे मी म्हणणार नाही. त्या पोऱ्याच्या मनात एक सूत राहिलेच असणार, आणि ते काढून बसवायचे कसे, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला हाक मारून, आईसमोर आणि हिच्यासमोर सांगितले, की चूक माझी होती. तो "बरं" म्हणाला. अगदी बापासारखा.

मिस्त्रींनी टाइल फोडली, जादा आणलेल्यांतली एक बसवली, पट्टी लावली आणि मला बोलावून दाखवली. मग उंबऱ्याशी खुर्ची आडवी लावली आणि म्हणाले, "मालक, उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही हितं बसा. म्हंजे कुणी आत जाणार न्हाई."

रात्री अकरापर्यंत मी खुर्चीवर बसून होतो. गोटी आईने आपल्या बटव्यात घालून उशाशी घेतली होती.